दीड बोट

मोह गळायला लागला हे मला कॅलेंडरच्या आधी नाक सांगतं. वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरांमध्ये तसा त्या वासाला वाव नाही. इथे खिडकीच्या पट्टीवर रोज राखेचा बारीक थर बसतो, सकाळच्या पाळीच्या मोटारसायकली एकामागून एक निघतात, कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतो आणि मार्च संपत आला की सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, कूलर कधी काढायचा. पण आमच्या ओळीच्या टोकाला, भिंतीपलीकडे, एक मोहाचं झाड कसं कोण जाणे तोडायचं राहून गेलंय. पहाटे दूध आणायला निघालं की तिथे तो वास गाठतो. गोड, जड, थोडा आंबूस. शेजारच्या वहिनी साताऱ्याकडच्या. त्या नाकाला पदर लावून म्हणतात, "काहीतरी सडलंय हो इथं." मी तशीच पुढे होते. यंदा मात्र त्या झाडाखाली मला रडूच आलं, हातात दुधाची पिशवी तशीच धरून.

त्याच दिवशी दुपारी पुष्पाचा फोन आला. पुष्पा माझी शाळेपासूनची मैत्रीण, गावातच दिलेली, तिथली अंगणवाडी चालवते.

"काय व शोभे, मोह पडून राह्यला. येतं का दर्यावर?"

मी आधी नाही म्हटलं. शाळेच्या परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, असं बरंच काही सांगितलं. पुष्पानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोघीच उरलो आता. आपून नाई गेलो तं कोन जाईन?" मग मी हो म्हटलं. आमच्यातली तिसरी, वनिता, गेल्या पावसाळ्यात गेली.

दर्यावर म्हणजे वैनगंगेवर. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, हे भूगोलाच्या पुस्तकानं आम्हाला फार लवकर सांगून टाकलं होतं. पण गावापासून दोन कोसांवर, जंगलातला नाला जिथे नदीला मिळतो, तिथे उन्हाळ्यात वाळूचं एवढं मोठं पात्र उघडं पडायचं की पलीकडचा काठ उन्हात थरथरताना दिसे आणि माणूस मुंगीएवढा. "याच्याहून मोठा काय असते तो दर्या?" असं वनितानं सातवीत असताना विचारलं आणि त्या दिवसापासून आमच्यासाठी तो दर्या झाला. वनिता ढिवराची पोर. पावसाळ्यात तिचे बाबा तळ्यात नि नदीत जाळं टाकत आणि उन्हाळ्यात उघड्या वाळूत टरबुजाची वाडी लावत. त्यामुळे नदीबद्दल तिचा शब्द शेवटचा असे. लग्नानंतर आमच्या ह्यांनी मला अलिबागला नेलं, खरा समुद्र दाखवला. परत आल्यावर वनितानं पहिला प्रश्न केला, "आपल्यापेक्षा मोठा हाये का?" मी म्हटलं, मोठा आहे, पण पाणी खारट. ती म्हणाली, "मंग काय कामाचा बाप्पा. पेता येत नाई, टरबूज लावता येत नाई." मला अलिबाग त्यानंतर कधी फारसं आठवलं नाही.

परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी दर्या, हा आमचा नेम. चार-पाच पोरी असायचो, कधी एखादीची बहीण, कधी कुणाची वहिनी. उजाडता निघायचं. लाखोळीच्या डाळीचे वडे, रात्रीचा भात, मीठ, मिरची, एवढं फडक्यात बांधलेलं. गावाबाहेर मोहाखाली बाया फुलं वेचत बसलेल्या असत, वाकून वाकून कंबर धरलेल्या, आणि त्यातली एखादी ओरडून विचारी, "कुठी चालल्या व पोरीहो?" त्यांच्या टोपल्यांतली मूठभर फुलं उचलून आम्ही तोंडात टाकायचो आणि पुढे व्हायचो. मग नाल्यात उतरायचं. वर ऊन तापायला लागलेलं, पण नाल्यात सावली दाट. दोन्ही अंगांना बेहडा, येन, बांबूची बेटं, कुसुमाला नुकती फुटलेली लाल पालवी. पायाखाली सागाची वाळली पानं अशी काही वाजत की पुढचीला मागचीचं बोलणं ऐकू येत नसे. वनिता अनवाणी चालायची, सगळ्यांत पुढे, आणि तरी बोलणं तिचंच ऐकू यायचं. ती हसली की पडजीभ दिसायची. "तोंड मिट, माशी जाईन," असं पुष्पा म्हणायची, त्यावर ती आणखी मोठ्यानं हसायची.

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या वर्षीची गोष्ट मला सांगायचीय. त्या दिवशी मी खर्रा आणला होता.

आमच्याकडचा नसेल त्याला खर्रा म्हणजे काय ते कळायचं नाही. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातानं घोट घोट घोटायचा आणि चिमूट गालात धरायचा. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याच्या आधी खर्रा विचारतात. लग्नाच्या बैठकीत, शेताच्या बांधावर, कचेरीच्या पायरीवर, सगळीकडे तो या हातातून त्या हातात जातो. भांडण मिटलं हे लोकांना कसं कळतं, तर एकानं पुडी पुढे केली आणि दुसऱ्यानं तिच्यात बोटं घातली की कळतं. नाही म्हटलं तर माणूस घमेंडी ठरतो. माझे बाबा खात, काका खात, मास्तर खात. पोरींनी खायचा नसतो, एवढंच काय ते आम्हाला सांगितलेलं. आणि मी बारावीचा पेपर देऊन आलेली, आता आपण मोठ्या झालो, असं डोक्यात गेलेलं. पानठेल्यावर जाऊन मी म्हटलं, "बाबाले पाह्यजे." ठेलेवाल्या भाऊनं एक शब्द न विचारता घोटून दिला.

नाल्यात अर्ध्या वाटेवर एक झिरा होता. वाळूत हातानं खड्डा केला की थंड पाणी झिरपून वर यायचं. तिथे बसून पाणी प्यायचं, तोंड धुवायचं, हे ठरलेलं. तिथे मी ओढणीच्या गाठीतून पुडी काढली. पुष्पा म्हणाली, "मले नको, माही माय वासानं वळखन." बाकीच्या दोघी नुसत्या हसल्या. वनितानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भेतं का?" म्हणजे भितेस का, एवढे दोनच शब्द. तिनं चिमूट उचलली आणि गालात ठेवली. मीही ठेवली, आणि दोन मिनिटांत सगळं थुंकून टाकलं, कडवट झालं तोंड, मळमळलं. पुडी तिथेच वनिताच्या हातात कोंबली आणि आधी दर्यावर कोण पोचतं बघू, असं ओरडत मी पळत सुटले. नाल्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा वाळू पांढरी लख्ख पेटलेली होती आणि वनिताचे बाबा वाडीतून हात हलवत होते. त्या वेळी मला फार आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

पुढे सगळ्या आपापल्या घरी गेल्या. मी डी.एड. करून शिक्षिका झाले. वनिता पलीकडच्या गावी दिली. तिथे नवऱ्यासोबत ती तळ्यावर जायची, आठवडी बाजारात मासोळ्या घेऊन बसायची आणि डाव्या गालात तिचा खर्रा असायचा. मला बघितलं की ती उठून यायची, हात मासोळीच्या पाण्यानं ओले, ते पदराला पुसायची आणि आधी गालातला खर्रा बाजूला थुंकायची. माझ्यासमोर ती थुंकायची याचंही मला वाईट वाटायचं. मी म्हणायचे, "सोड ना व ते." ती म्हणायची, "सोडीन म्हनतो ना. रोजच सोडतो." पुष्पा आणि मी आणि ती, तिघी मात्र दरवर्षी मोह पडला की दर्यावर जात राहिलो. वय वाढलं, गुडघे बोलायला लागले, जंगलात वाघाची भीती आली, फॉरेस्टवाले काठ्या घेऊन जा म्हणायला लागले, तरी गेलो.

शाळेत आम्ही पोरांचं तोंड तपासतो. सोपं आहे. तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगायचं. तिन्ही जात असतील तर ठीक. खर्रा खाणाऱ्याचे गाल आतून कडक होत जातात, तोंड आवळत जातं. मग दोन बोटं, मग दीड. आमच्याकडे लोक आता दुखणंही बोटातच सांगतात, "माहं दोन बोटाचं हाये," असं, पायातल्या चपलेचं माप सांगावं तसं. दहा-बारा वर्षांपूर्वी एकदा बाजारात मी वनिताला गमतीनं म्हटलं, "आ कर बरं." तिनं बोटं घातली. दोन गेली, तिसरं अडलं. ती हसली आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिची पडजीभ दिसत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा त्या झिऱ्यावरच्या पुडीचा हिशेब डोक्यात मांडला. त्यानंतर तो कधी गेला नाही. "भेतं का?" हे माझेच शब्द मला पेपर तपासताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना ऐकू यायचे. मी स्वतःला समजवायचे, की सगळा जिल्हा खातो, तिचा नवरा खातो, मी नसते तरी तिनं खाल्लाच असता. पण समजूत पटायची नाही, कारण पहिली चिमूट माझ्या पुडीतली होती.

मागच्या वर्षी, याच दिवसांत, वनिताच्या गालात आतून जखम झाल्याचं पुष्पानं कळवलं. नागपूरला दाखवलं. डॉक्टरांनी गाल आणि जबड्याचा तुकडा काढावा लागेल म्हणून सांगितलं. तारीख मिळाली. त्याच्या आधी तिनं पुष्पाकडून निरोप धाडला, एकडाव दर्यावर जाऊन येऊ. मी सुट्टी टाकून गेले.

तिचं तोंड तेव्हा दीड बोट उघडत होतं. शब्द ओठांच्या फटीतून सरकत यायचे, अर्धे ऐकू येत, अर्धे समजून घ्यायचे. प्रत्येक वाक्यानंतर ती गालाला हात लावून थांबायची. त्यामुळे वाटेत पुष्पा आणि मीच बोललो, नको तेवढं बोललो, भाव, सुना, शाळेतली पोरं, काहीही. वनिता मधे चालत होती, पायात चपला घालून. झिरा अजून तिथेच होता. पाणी पिताना तिनं ओंजळ तोंडाशी नेली आणि बरंचसं पाणी हनुवटीवरून खाली गेलं. आम्ही दोघी दुसरीकडे पाहत राहिलो.

दर्यावर आता वाडी नाही. खाली बंधारा झाला तसं पाणी तुंबून राहतं, वाळू फार उघडी पडत नाही. तरी काठाला थोडी पट्टी होती, तिथे बसलो. पुष्पा हातपाय धुवायला पाण्याकडे गेली. मला माहीत होतं की हे आत्ताच सांगायला हवं, परत जमायचं नाही. मी सांगितलं. बारावीचा पेपर, ओढणीची गाठ, पुडी, "भेतं का?", सगळं. सांगताना मी तिच्याकडे बघितलंच नाही, वाळूत बोटानं रेघा ओढत बसले, रिकामी बसलेली पोर बसते तशी. शेवटी म्हटलं, "वनिता, मीच लावलं तुले ते."

 ती गालाला हात धरून बोलायला लागली. एकेक शब्द ओढून, थांबून थांबून.

"काई बी. मी त्याच्या पह्यलेच खात होती. बाबाच्या पन्नीतून. वाडीवर. नववीत असल्यापासून." ती थांबली. श्वास घेतला. "तुले लय हौस होती ना त्या दिवशी. म्हनून म्या सोंग केलं. पह्यल्यांदा खाल्ल्यावानी."

मी रेघा ओढायची थांबले.

"तू उगीच," ती म्हणाली आणि पुन्हा थांबली, दुखत होतं तिला, डोळ्यांत पाणी आलं होतं. "उगीच जीवाले लावून घेतलं तू. एवढी कोन हाये तू माही." आणि तिनं मला कोपरानं ढकललं.

मी हसले. मला इतकं हलकं वाटलं की मी खरंच हसले, त्या वाळूत, जिचा गाल आठ दिवसांनी कापणार होते तिच्या शेजारी बसून. पुष्पा आली तेव्हा आम्ही दोघी हसतोय असं तिला दिसलं. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तर वनितानं हातानंच काही नाही अशी खूण केली.

ऑपरेशन झालं. त्यानंतर वनिताला बोलता आलं नाही. मी दोनदा नागपूरला भेटायला गेले. तिचा अर्धा चेहरा पट्टीत होता, नाकात नळी होती. ती माझा हात दाबायची, मी शाळेच्या गोष्टी सांगायचे. मला दुःख होतं, पण त्याला काटा नव्हता. मी कबूल करते, की मी येताना बसमध्ये नीट झोपायचे. पावसाळ्यात जखम पुन्हा उसळली, ताप चढला, आणि वैनगंगेला पूर येऊन रस्ता बंद होता त्या दिवसांत ती गेली. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस झाला होता. तिची सून म्हणाली, "बाई, शेवटी शेवटी आई खुनेनं तुमचंच इचारत होत्या." मी रडले, तिच्या नातवाला जवळ घेतलं, आणि परत आले. तिच्या खर्ऱ्यात माझा गुन्हा नव्हता, असं मनाशी म्हणत आले.

यंदा पुष्पा आणि मी दोघीच नाल्यात उतरलो. तिच्या हातात काठी, माझ्या हातात पाण्याची बाटली. कुसुम तसाच लाल. पानं तशीच वाजत होती, पण आता दोघींत पुढचीला मागचीचं स्पष्ट ऐकू येतं, कारण मधे कुणी बोलत नाही. झिऱ्यापाशी टेकलो. पुष्पा वाळू उकरायला लागली आणि आपली सहज, आठवलं म्हणून बोलायला लागली.

"इथीच बसली होती ना वनिता. त्या दिवशी. तू पुडी आनली होती बघ."

मी म्हटलं, "हो."

"तू तं पळून गेली. तिले किती घुमलं म्हनून सांगू. पह्यल्यांदाच खाल्ला ना तिनं. घामानं वल्लीचिंब. उचक्या थांबेनात. मले म्हने, डोस्कं फिरून राह्यलं, आता मरतो मी. मीच तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, पानी पाजलं." पुष्पा हसली. "मले म्हने, शोभीले नको सांगू, ते हासन. मंग थुंकली ना सगळं. बाबा खाते म्हनून तिले वासच नाई आवडे त्याचा. तुह्यासाठी खाल्ला तिनं."

वाळूतून पाणी वर येत होतं. पुष्पानं ओंजळ भरली.

मला मागच्या वर्षीची काठावरची ती वाळूची पट्टी आठवली, गालाला धरलेला तिचा हात, आणि दीड बोटाच्या फटीतून एकेक करून बाहेर आलेले शब्द. तिला पाणी धड पिता येत नव्हतं. ऑपरेशननंतर बोलता येणार नाही हे डॉक्टरांनी तिला सांगितलेलं होतं, आणि घरी तिचा नातू होता, सून होती, नवरा होता, ज्यांच्याशी बोलून ठेवायचं कितीतरी असेल. त्यातून तिनं मला एवढं लांब खोटं सांगितलं. बापाची पन्नी, वाडी, नववी, सोंग, सगळं रचून. आणि मी ते खरं मानून हसले, बसमध्ये झोपले, वर्षभर निवांत राहिले.

"काय झालं व?" पुष्पानं विचारलं. "काऊन अशी बसली?"

"काई नाई. पाय भरून आले."

तिला मी सांगितलं नाही. वनिताची माफी मागून झाली होती आणि माफ करण्यासारखं काही नाहीच असं सांगून ती तिनं घेतलीच नव्हती, हे मला आत्ता कळत होतं, आणि आता ती जिच्याकडे मागायची तीच उरली नव्हती. पुष्पानं बाटली भरून घेतली, काठी उचलली आणि म्हणाली, "चाल उठ. ऊन होऊन राह्यलं." मी उठले आणि तिच्या मागून चालायला लागले.